थोरलीच्या पायाशी चाळणी

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि बालनेट्टीचे जमीनदार सर गॅव्हिन डगिड, त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या मातोश्री लेडी मार्जरी, एवढ्या थंडीत राजधानीहून वाट वाकडी करून आलेले वस्तुसंग्रहालयाचे डॉक्टर पर्व्हेस, आमचे पाद्रीबाबा रेव्हरंड स्ट्रॉनख आणि पाद्रीणबाई, व्यासपीठावर ज्यांना खुर्ची मिळाली ते सर्व मान्यवर, आणि ज्यांना कुठेच मिळाली नाही म्हणून भिंतीला टेकून उभे आहेत ते त्याहून मान्यवर. दुधाची वेळ आधीच उरकून, हातात विणकाम घेऊन आलेल्या माझ्या मैत्रिणींनो, लेकींनो आणि सुनांनो,

थोरलीच्या या निरोपाच्या प्रसंगी माझ्यासारख्या अल्पमती वृद्धेला दोन शब्द बोलण्याची संधी दिलीत, याबद्दल मी आयोजकांची ऋणी आहे. हजारो वर्षं वारा आणि हिमाचे तडाखे सोसलेली ही पुरातन शिळा आता सुरक्षित आश्रयस्थानी प्रस्थान ठेवत आहे, याचा आनंद आणि वियोगाचं दुःख यांचा संगम आज आमच्या हृदयात झाला आहे. सर गॅव्हिन यांचं हे उदार दातृत्व बालनेट्टी गाव कदापि विसरणार नाही.

हे झालं पाद्रीणबाईंचं. आठवडाभर त्यांच्या स्वयंपाकघरात बसून मी ते पाठ केलं. मला अक्षर येत नाही, म्हणून त्या वाचायच्या आणि मी घोकायची. 'संगम' म्हणताना हात छातीवर ठेवायचा, हेही त्यांनीच शिकवलं. पाद्रीणबाई, बरोबर झालं ना? मान हलवलीत, बरं वाटलं. आता निवांत बसा, कारण इथून पुढचं माझं आहे.

मला बोलायला का सांगितलं, ते मला माहीत आहे. गावात सगळ्यांत म्हातारी मी. एका दगडाला निरोप द्यायचा तर गावातला दुसरा दगड बोलवावा, असा हिशोब असणार. म्हातारी चार गोड शब्द बोलेल, डोळे पुसेल, वर्तमानपत्रवाला फोटो काढील आणि सोमवारी लॉरी येईल. फोटो काढ बाबा, काढून घे. थोड्या वेळानं माझा चेहरा फोटोजोगा राहणार नाही.

सर गॅव्हिन, तुम्ही मघाशी थोरलीचं वर्णन 'आमच्या इस्टेटीवरची एक शिळा' असं केलंत. मी तुम्हाला लंगोटात पाहिलंय, तेव्हा माझं बोलणं मनावर घेऊ नका, पण इस्टेट थोरलीच्या पायाशी आली. थोरली इस्टेटीवर आलेली नाही. तुमचे पणजोबा या खोऱ्यात मेंढ्या घेऊन आले तेव्हा ती वरच्या शेतात उभीच होती. त्यांच्या आधीचे आले तेव्हाही होती. तिच्याभोवतीचा गवताचा तुकडा कोणी कधी नांगरला नाही. जुनी माणसं म्हणायची, तेवढी जमीन त्या दुसऱ्याची. पाद्रीबाबा बसलेत म्हणून नाव घेत नाही. त्याला तेवढी सोडली की तो बाकीच्या शेताकडे वाकड्या नजरेनं बघत नाही. म्हणजे सर गॅव्हिन, ज्या जागेवरून तुम्ही दगड दान करताय, ती जागा तुमच्या घराण्यानं कधी कसली नाही, आणि ज्याची आहे असं म्हणतात त्याला तुम्ही विचारलेलं दिसत नाही. त्याची भेट कुठे होते ते मला ठाऊक नाही. तुमच्या कारभाऱ्याला ठाऊक असेल.

हसताय ते हसून घ्या.

थोरली का चालली, याची कारणं मी गेला महिनाभर ऐकतेय. पहिलं कारण, दहिवर आणि पाऊस यांनी तिच्यावरची चित्रं झिजताहेत. शहरात तिला छप्पर मिळेल, ऊब मिळेल, काळजी घ्यायला माणसं मिळतील. अगदी हेच शब्द माझी नातसून मला म्हणते, शहरातल्या म्हाताऱ्यांच्या घराबद्दल. तिथंही छप्पर आहे, ऊब आहे, काळजी घ्यायला माणसं आहेत. मी एकदा जाऊन पाहून आले. सगळ्या म्हाताऱ्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या आणि एकही कुणाशी बोलत नव्हती.

दुसरं कारण कोणी मोठ्यानं बोलत नाही, म्हणून मी बोलते. माझा नातू ग्रेगर त्या शेतात ट्रॅक्टर चालवतो. बसलाय बघा खाली, मान घालून. थोरली मध्ये उभी असल्यामुळे त्याला वळसा घ्यावा लागतो. घोडे होते तेव्हा घोडे आपसूक वळायचे, त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. ग्रेगर, तुझ्या आजोबांच्या घोड्याला जेवढी समज होती तेवढी त्या लाल डब्याला नाही, यात तुझा दोष नाही. पण सरळ रेघेत नांगरता यावं म्हणून कोणी आपल्या घरातली थोरली जाऊ उचलून गावाबाहेर नेऊन ठेवत नाही.

आणि तिच्या जागी काय येणार? सिमेंटची थोरली. साच्यात ओतलेली. शेताच्या कडेला, रस्त्याजवळ, म्हणजे मोटारीतून उतरावंही लागणार नाही. खाली पितळेची पाटी, पाटीवर सर गॅव्हिन यांचं नाव. खऱ्या थोरलीवर कोणाचंच नाव नाही. तिच्यावरचं वाचता येत नाही म्हणून ती जुनी, आणि पाटीवरचं वाचता येतं म्हणून हे स्मारक. असो.

आता डॉक्टर पर्व्हेस यांच्याकडे वळते. डॉक्टर, घाबरू नका, तुमच्याबद्दल मी आधी चांगलंच बोलणार आहे.

गेल्या महिन्यात याच सभागृहात चादर ताणून तुम्ही आम्हाला चित्रं दाखवलीत. त्या संध्याकाळी मी खूप शिकले. तुम्ही सांगितलंत की थोरली ज्यांनी उभी केली त्या माणसांना लोखंड ठाऊक नव्हतं. ती माणसं गेली. मग हजारो वर्षांनी दुसरी आली, ज्यांना तुम्ही पिक्ट म्हणता, आणि त्यांनी आयत्या उभ्या असलेल्या दगडावर आपली चित्रं कोरली. एका बाजूला मासा, दुसऱ्या बाजूला चंद्रकोर आणि तिच्यावर मोडलेला बाण, खाली पायाशी आरसा आणि फणी. त्यांचा अर्थ काय, ते तुम्हाला माहीत नाही, आणि तसं तुम्ही प्रामाणिकपणे सांगितलंत. मला फार बरं वाटलं. जन्मभर सगळं जग वाचू शकतं आणि मीच एकटी वाचू शकत नाही, असं मला वाटायचं. त्या संध्याकाळी कळलं, एक गोष्ट अशी आहे की तिच्यापुढे डॉक्टर पर्व्हेस आणि एल्स्पेट कौवी एकाच बाकावर बसतात.

मी घरी जाऊन विचार करत बसले. ती दुसरी माणसं आली तेव्हा त्यांच्यासमोर परक्यांचा दगड होता. त्यांनी काय केलं? उपटला नाही. फोडून गोठ्याच्या उंबऱ्याला लावला नाही. आपल्या गावी नेला नाही. आपल्याला जे म्हणायचं होतं ते त्याच्यावर कोरलं आणि घरी जाऊन जेवले. मला हे फार शहाणपणाचं वाटलं. तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसानं ते आम्हाला समजावून सांगावं आणि सोमवारी लॉरी घेऊन यावं, याचा राग कसा येऊ नये?

पण खरा राग त्याचा नाही. खरा राग शेवटच्या चित्राचा आहे.

शेवटचं चित्र कामाचं होतं. तुम्ही काठीनं दाखवलंत, दगडाभोवती एवढा खड्डा घ्यायचा, कंबरेइतका खोल, कारण थोरलीचं मूळ दाढेसारखं खोल गेलंय. आणि मग म्हणालात, "निघालेली सगळी माती आम्ही बारीक चाळणीनं चाळून घेऊ. मण्याएवढी वस्तूसुद्धा सुटणार नाही. जे मिळेल ते खोक्यांत भरून, चिठ्ठ्या लावून, आमच्याकडे जपून ठेवू."

पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही खाली वाकून नमस्कार केलात, म्हणून तुमच्या लक्षात आलं नसेल. आमच्या गावात बाई बसली की विणते. चर्च सोडलं तर कुठेही. त्या संध्याकाळी तुमच्या बोलण्यामागे सुयांचा आवाज सतत चालू होता, पत्र्यावर भुरभुर पाऊस पडावा तसा. तुम्ही 'चाळणी' म्हणालात आणि तो थांबला. एकदम. मागच्या बाकापर्यंत. मी ऐंशी ओलांडली आहे, पण या सभागृहात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

सुया का थांबल्या, हे तुम्ही विचारलं नाहीत. पण विचारलं नाहीत असं तरी कसं म्हणू? विचारलंत की. गावभर विचारत हिंडलात. "त्या दगडाखाली काही पुरलंय का? कधी काही सापडलंय का?" लोहाराला विचारलंत, कारभाऱ्याला विचारलंत, पाद्रीबाबांना, शाळेच्या मास्तरांना, ग्रेगरला. सगळे म्हणाले, काही नाही. खोटं बोलले नाहीत. त्यांना माहीतच नव्हतं.

माझ्याही दारात आलात. आठवतंय? मी ओटची भाकरी तव्यावर टाकली होती. तुम्ही टोपी काढलीत, सभ्य माणूस, आणि विचारलंत, "घरात कोणी आहे का?"

मी म्हटलं, "मी आहे."

"हो, हो. म्हणजे शेताची माहिती असणारं कोणी?"

मी म्हटलं, "गोठ्यात वळू आहे. पण त्याचा आज बोलायचा विचार दिसत नाही."

तुम्ही हसलात, वहीत काहीतरी टिपलंत आणि गेलात. भाकरी खाल्लीत मात्र.

डॉक्टर, तुम्ही शहरातले. आमच्याकडे मयताला काय करतात ते तुम्हाला ठाऊक नसेल. पेटी पुरुष उचलतात. खड्डा पुरुष खणतात. पेटीचे दोर कोणी धरायचे, बापानं कुठला, थोरल्या लेकानं कुठला, हे सगळं ठरलेलं असतं आणि त्यावरून भाऊ-भाऊ जन्माचे वैरी होतात. आणि बायका? बायका स्मशानात जात नाहीत. घरी बसून पावांना लोणी लावतात. मी माझ्या नवऱ्याला मातीत जाताना पाहिलेलं नाही. मी तेव्हा लोणी लावत होते. तेव्हा, पुरलेल्या माणसांबद्दल विचारायचं असेल तर पुरुषांना विचारावं, हे तुमचं अगदी रीतसर झालं. चूक एवढीच की थोरलीच्या पायाशी जे आहे ते पुरुषांनी पुरलेलं नाही.

पाद्रीणबाई, तुम्ही घामाघूम झालात. पाणी प्या. मी आता थांबणार नाही.

आणि मैत्रिणींनो, हे बोलायचं नाही असं आपलं ठरलेलं होतं, तुमच्या आज्यांपासून, माझ्या सासूपासून. मी ते आज मोडतेय. शिव्या घालायच्या असतील तर उद्या माझ्या दारात येऊन घाला, चहा देईन. पण मी फक्त माझं सांगणार आहे. दुसऱ्या कोणाचं एक अक्षर नाही, आणि अक्षरांच्या बाबतीत माझी ख्याती तुम्हाला माहीतच आहे.

मी तंबूतली पोर. माझा बाप रस्त्यानं हिंडायचा, कथलाची भांडी सांधायचा, शिंगाचे चमचे आणि फण्या करून दारोदार विकायचा. विल कौवीनं माझ्याशी लग्न केलं तेव्हा त्याच्या आईनं, ग्रिझेलनं, अख्ख्या गावाला सांगितलं की मुलगा वेडा झाला आणि घरात उवा आल्या. ती माझ्याशी बोलायची ती फक्त कामापुरतं. "गाय." "चूल." "पाणी." अशी.

मला पहिली मुलगी झाली. सकाळच्या दुधाला आली आणि संध्याकाळच्या दुधाला गेली. मधे तिनं एकदा माझं बोट धरलं. विल घोडे घेऊन दुसऱ्या शेतावर होता. त्या वेळचे पाद्री, तुम्ही नव्हे स्ट्रॉनखबाबा, तुम्ही तेव्हा जन्मलाही नसाल, ते दारापर्यंत आले. आत आले नाहीत. म्हणाले, बाप्तिस्मा झालेला नाही, तेव्हा चर्चच्या आवारात नाव घेऊन जागा देता येणार नाही. भिंतीबाहेर, खाजरं तण माजतं तिकडे कुठेतरी बघा. आणि टोपी घालून गेले.

पहाटे ग्रिझेल माझ्या खाटेशी आली. म्हणाली, "ऊठ. चालता येतंय?"

मी म्हटलं, "नाही."

ती म्हणाली, "मग हळू चाल."

तिनं लोण्याची लाकडी पेटी काखेत घेतली होती आणि बटाट्याचं फावडं खांद्यावर. आम्ही वरच्या शेतात गेलो. थोरलीच्या पायाशी तिनं स्वतः खणलं, मला हात लावू दिला नाही. मग म्हणाली, "फणी आणलीस?"

"कशाला?"

"कशाला विचारू नकोस. डोक्यात असेल ती काढ."

ती माझ्या मागे उभी राहिली आणि तिनं माझे केस सोडले. माझ्या उवांची बातमी चार गावांत पोचवणारी ती बाई. तिनं माझे केस विंचरले, मुळापासून टोकापर्यंत, गुंता लागला तिथं थांबून, न ओढता. माझी आई गेल्यापासून माझ्या डोक्याला कोणी असा हात लावला नव्हता. मग फणीत अडकलेले केस तसेच ठेवून तिनं ती फणी पेटीत, पोरीच्या हाताशी ठेवली. म्हणाली, "आता ती कोणाची आहे ते तिला कळेल."

मग दगडावरच्या आरशा-फणीवर बोट ठेवून म्हणाली, "हे आपण काढलेलं नाही. आपल्या आधी कुणीतरी सांगून ठेवलंय." ते खरं असेल की नाही, डॉक्टर, तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. निघताना म्हणाली, "माझे दोघे पलीकडे आहेत, माशाच्या बाजूला. विलला सांगू नकोस. पुरुषांना सांगितलं की ते पाद्र्याला सांगतात."

घरी आल्यावर ती म्हणाली, "गाय." आणि मी दूध काढायला बसले. पुढे मरेपर्यंत ती माझ्याशी तशीच बोलली. पण उवांची गोष्ट तिनं परत कोणाला सांगितली नाही.

तर हे आहे तुमच्या दगडाखाली. बिननावाच्या लेकरांना देवाच्या दारात घेतलं नाही, म्हणून त्यांच्या आयांनी त्यांना सैतानाच्या जागेत ठेवलं. आणि त्यानं, इतक्या वर्षांत, एकाही लेकराला त्रास दिला नाही. पाद्रीबाबा, रविवारी प्रवचनाला विषय हवा असेल तर घ्या.

डॉक्टर, पेन्सिल खाली ठेवा. हे लिहून घ्यायचं नाही.

पोरं किती आहेत, ते विचारू नका. आम्ही मोजली नाहीत. पण तुमच्या चाळणीत काय येईल ते सांगते. हाडं फारशी येणार नाहीत. आमची माती आंबट आहे, दुधाएवढं कोवळं हाड तिनं केव्हाच पोटात घेतलंय. फण्या येतील. हाडाच्या, लाकडाच्या. वरच्या थरात जत्रेतल्या रंगीत फण्याही येतील, कारण हे काही फक्त माझ्या सासूच्या काळात होत होतं असं समजू नका. आणि पुष्कळशा शिंगाच्या. त्या माझ्या बापाच्या हातच्या आहेत. तो बायकांना काही विचारायचा नाही. पण दारात एखादी बाई फणी हातात घेऊन उभीच राहिली, दातांवरून नुसतं बोट फिरवत, भावही करेना, ठेवूनही देईना, तर तो म्हणायचा, "राहू द्या बाई तुमच्याकडेच, ती जरा वाकडी झालीय, विकण्याजोगी नाही." माझ्या बापाच्या हातून फणी कधी वाकडी झाली नाही.

बाप गेला तेव्हा त्याच्या उरलेल्या फण्या माझ्याकडे आल्या. मग बायका माझ्या दारात यायला लागल्या. एकदा तर अशी एक बाई आली, जिच्याकडे चांदीच्या फण्या होत्या. माझ्या चुलीजवळ उभी राहिली, बसली नाही. म्हणाली, "एल्स्पेट, तुझ्या वडिलांची एखादी आहे का, साधी?" मी म्हटलं, "तुमच्याकडे तर कितीतरी चांगल्या आहेत." ती म्हणाली, "त्यांच्यावर घराण्याची खूण कोरलेली आहे. ती मातीत ठेवू देणार नाहीत." मी फणी दिली. बरोबर गेले. पुढचं सांगणार नाही, आणि ती कोण, हेही सांगणार नाही. ते माझ्यासोबत जाईल.

आणि तुम्ही त्या फण्या चाळणार. बारीक चाळणीनं. धुऊन, पुसून, चिठ्ठी लावून, काचेखाली मांडणार, आणि शाळेची मुलं रांगेनं येऊन बघणार. कोणी बाई आपल्या लेकराच्या हातात आपले केस ठेवून आली, ते तुम्ही चिमट्यानं उचलणार. आमच्या लेकरांना चर्चनं भिंतीबाहेर टाकलं, ते आम्ही गिळलं. का गिळलं? कारण पाद्र्यानं नाही म्हटलं तरी जागा होती. आता ती जागाच लॉरीत घालायला निघालात, आणि त्याला तुम्ही जतन म्हणता, उदारपणा म्हणता, आणि मला म्हणता की आभार मान. सर गॅव्हिन, मी माणसांवर पुष्कळदा रागावले आहे. नवऱ्यावर, सासूवर, पाद्र्यावर, ग्रेगरच्या ट्रॅक्टरवर. पण त्या संध्याकाळी सुया थांबल्यापासून मी जशी रागावले आहे तशी जन्मात कधी रागावले नव्हते, आणि हा राग मला आवडतोय. म्हातारपणी एवढी ऊब दुसऱ्या कशानं मिळाली नसती.

थोरली भिजते, झिजते, हे मला मान्य आहे. तर चार खांब उभे करा आणि वर पत्रा टाका. मेंढ्यांना आपण तेवढं करतोच. ग्रेगर खांब रोवील, गवताच्या बाहेर, आणि मी स्वतः उभी राहून बघेन की तो कुठे रोवतो. डॉक्टरांना चित्रं काढायची असतील तर काढू देत, मोजायचा असेल तर दगड मोजू देत, मी त्यांना भाकरी देईन. पण त्या मातीत फावडं लागणार नाही.

हे एकट्या म्हातारीचं म्हणणं आहे, असं म्हणून तुम्ही सोमवारी लॉरी आणू शकता. कायदा तुमच्या बाजूनं असेल. म्हणून माझी या सभागृहातल्या बायकांना विनंती आहे. काही सांगायचं नाही. कोणाचं नाव नाही, कारण नाही, कोणती बाजू, माशाची की चंद्राची, काही नाही. ज्यांना थोरली राहावी असं वाटतं त्यांनी विणकाम खाली ठेवावं आणि नुसतं उभं राहावं. ज्यांचं तिथं कोणी नाही त्यांनीही राहावं, म्हणजे कोणाचं आहे ते कळणार नाही.

घाई नाही. मला वेळ आहे.

हं.

हं. मागचा बाक पण. तू कशाला उठतेस ग, तुझे गुडघे... बरं, ऊठ. सावकाश.

लोहारदादा, बायकोकडे असं बघू नका. घरी गेल्यावरही विचारू नका. तिनं सांगितलं तर ऐका, आणि ऐकून झाल्यावर चूल तुम्ही पेटवा.

तुम्ही पुरुष बसून राहा, तुम्हाला उभं राहायला सांगितलेलं नाही. तुम्ही आयुष्यभर दोर धरलेत.

बाईसाहेब.

लेडी मार्जरी, तुम्ही कशाला... तुमची काठी खाली पडली, थांबा. सर गॅव्हिन, ती काठी उचला. नाही, त्यांना खाली बसवू नका, हात काढा. त्या आपणहून उभ्या आहेत. मी एक शब्द बोलले नव्हते बाईसाहेब, हे सगळे साक्षीला आहेत. हो. हो, मला माहीत आहे. चंद्राच्या बाजूला. तुम्ही म्हणालात म्हणून मी म्हटलं.

सर गॅव्हिन, आईकडे असे डोळे फाडून बघू नका. तुम्ही घरातले थोरले, असं तुम्हाला आजवर वाटत होतं. काही बिघडत नाही. आईला हात द्या, एवढंच.

आणि लॉरीचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मला वाटतं ठरलंय.

शेवटी आभार. पाद्रीणबाईंनी सांगितलं होतं की शेवट आभारानंच करायचा. डॉक्टर पर्व्हेस यांचे आभार, कारण त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि परत उचलली नाही. पाद्रीबाबांचे आभार, ते मघापासून जमिनीकडे बघताहेत आणि पाद्र्यानं अधूनमधून तिकडेही बघावं. निरोप समारंभ ठेवल्याबद्दल आयोजकांचे आभार, नाहीतर आम्ही सगळ्या एका छपराखाली कधी उभ्या राहिलो असतो? माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर जे कमी झालं त्याची मी मनापासून माफी मागते. जास्त झालं त्याची मागत नाही.

चहा मागच्या खोलीत निवतोय. पाव कापलेले आहेत, लोणी फडताळात आहे. पुरुषमंडळींनो, आज लोणी तुम्ही लावा. बाहेर अजून उजेड आहे, आणि आम्ही सगळ्या जरा वरच्या शेतात जाऊन येतो. बाईसाहेब, चला. हळू चाला.